हैतीची क्रांती : कवी, नाटककार आणि इतिहासाची साधने

सां दोमिंग या फ्रेंच वसाहतीतील गुलामांनी ऑगस्ट १७९१ मध्ये उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी त्या वसाहतीचे हैती हे स्वतंत्र राष्ट्र झाले. गुलामांच्या उठावातून राष्ट्र उभे राहिल्याचे जगाच्या इतिहासातील हे एकमेव उदाहरण होय. असे असूनही आधुनिक राज्यक्रांत्यांची चर्चा करताना अमेरिका व फ्रान्स यांच्यानंतरच्या या तिसऱ्या क्रांतीस बहुधा एखाद्या तळटीपेपुरतीच जागा मिळते. कवी, नाटककार, कादंबरीकार व चित्रकार यांचे तसे नाही. त्यांनी या विषयाकडे गेली दोनशे वर्षे पाठ फिरविलेली नाही. त्यांच्या कृतींचा इतिहासाच्या अभ्यासकाने कसा उपयोग करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या कृतींना 'ललित' म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. त्या १७९१ विषयी नव्हे, तर स्वतःच्या निर्मितिकालाविषयीच साक्ष देतात, असे म्हणून मोकळे होणेही तितकेच सोपे आहे. पहिली भूमिका चुकीची आहे आणि दुसरी अपुरी आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम युरोपातील कवींकडे पाहू. तूसाँ लूव्हेर्त्यूर याला फ्रेंचांनी जून १८०२ मध्ये कपटाने पकडले आणि ७ एप्रिल १८०३ रोजी ज्यूरा पर्वतातील फोर द झू या किल्ल्यात त्याचा अंत झाला. वर्ड्स्वर्थने त्याच्यावर रचलेले सुनीत 'मॉर्निंग पोस्ट'मध्ये फेब्रुवारी १८०३ मध्ये छापले गेले. म्हणजे त्या वेळी तूसाँ अद्याप जिवंत होता. कवीची सहानुभूती निःसंशय खरी आहे. परंतु त्याला दिसतो तो बंदिवान तूसाँ. सेना उभारणारा, इंग्रजांना बेटावरून माघार घ्यावयास लावणारा व १८०१ मध्ये स्वतःची राज्यघटना जाहीर करणारा तूसाँ त्या सुनीतात नाही. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ब्यूग-जार्गाल' या कादंबरीतही उदात्त कृष्णवर्णीय नायकाला अखेर मरणच पत्करावे लागते. ही कादंबरी १८२६ साली पुस्तकरूपाने आली. आदल्याच वर्षी दहाव्या चार्ल्सने हैतीच्या स्वातंत्र्यास मान्यता दिली होती आणि मोबदल्यात मळेवाल्यांच्या नुकसानभरपाईपोटी १५ कोटी फ्रँकांची मागणी युद्धनौकांच्या बळावर मान्य करवून घेतली होती. पुढे १८३८ मध्ये एकूण आकडा ९ कोटींवर आणला गेला, तरी मूळ रकमेसाठी काढलेल्या कर्जांचे ओझे विसाव्या शतकापर्यंत फिटले नाही. ज्या फ्रान्सने नायकाचे अश्रू ढाळले, त्याच फ्रान्सने हप्तेही वसूल केले! लामार्तीनच्या नाटकाची गोष्ट जराशी निराळी आहे, कारण १८४८ च्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या हुकूमनाम्यावर त्याची स्वतःची सही होती. तथापि १८५० मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्याचा तूसाँ अवतरला, तो फ्रेदेरिक लमेत्र या गोऱ्या नटाच्या रूपाने.

खरा पालट घडला तो विसाव्या शतकात, आणि त्याचे कारण एक अनिष्ट घटना ठरली. १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकेच्या नौसैनिकांनी हैतीचा ताबा घेतला होता. या ताब्यातून एकीकडे झोंबी, जादूटोणा व मध्यरात्रीचे ढोल यांची वर्णने करणारी सवंग पुस्तके व चित्रपट निघाले. त्यांचा येथे अधिक विचार करण्याचे कारण नाही. एवढेच म्हणावे की परदेशी सैन्याच्या उपस्थितीचे समर्थन करण्यास ती सोयीची होती. दुसरीकडे हैतीतच झ्याँ प्राइस-मार्स यांचा लोकसंस्कृतीवरील निबंधसंग्रह १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याच शेतकऱ्याची भाषा, कथा व व्होडू धर्म यांची लाज बाळगून स्वतःस रंगीत कातडीचे फ्रेंच समजणाऱ्या हैतीतील सुशिक्षित वर्गास त्यांनी त्यात परखड शब्दांत फटकारले. या एका पुस्तकाने बाहेरून येणाऱ्यांचीही दृष्टी बदलली. यानंतर जे कलावंत व अभ्यासक हैतीत गेले, त्यांस तेथे नायकांच्या पुतळ्यांइतकेच जिवंत लोकजीवनही पाहावेसे वाटले. लँग्स्टन ह्यूझ १९३१ मध्ये गेले. कॅथरिन डनम यांनी तेथील नृत्याचा मानववंशशास्त्रीय अभ्यास केला. झोरा नील हर्स्टन यांनी आपली सर्वांत गाजलेली कादंबरी १९३६ मध्ये हैतीत असतानाच लिहून काढली, मात्र तिचे कथानक आहे अमेरिकेतील फ्लोरिडाचे. प्रेरणा आणि विषय या दोन गोष्टी एक नव्हेत, याचे हे उत्तम उदाहरण आहे. जाक रूमें या हैतीच्या लेखकाने १९४१ मध्ये मानववंशशास्त्राची सरकारी संस्था स्थापन केली. चर्चच्या पुढाकाराने व्होडूची पूजासाधने जाळली जात असताना त्याने त्या मोहिमेस विरोध केला आणि १९४४ मध्ये, अवघ्या सदतिसाव्या वर्षी तो निवर्तला. दुष्काळी खेड्यात पाणी शोधणाऱ्या तरुणाची त्याची कादंबरी ह्यूझ यांनी मर्सर कुक यांच्यासमवेत इंग्रजीत आणली.

याच काळात हार्लेममधील जेकब लॉरेन्स या विशीतील चित्रकाराने तूसाँच्या जीवनावर ४१ चित्रांची मालिका १९३८ मध्ये पूर्ण केली. लॉरेन्सने तोपर्यंत हैती पाहिले नव्हते. त्याची सारी सामग्री न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातील होती. प्रत्येक चित्राखाली इतिहासाच्या पुस्तकाप्रमाणे कोरडी माहिती देणारी ओळ आहे. मालिका तूसाँच्या जन्मापासून सुरू न होता कोलंबसाच्या आगमनापासून सुरू होते आणि त्याच्या मृत्यूनंतरही पुढे देसालीनच्या राज्याभिषेकापर्यंत जाते. हा क्रम एखाद्या इतिहासकाराने लावावा तसा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याच वर्षी सी. एल. आर. जेम्स यांचा 'द ब्लॅक जॅकोबिन्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांस तो ग्रंथ परिचित असतो. त्याआधीचे नाटक सहसा परिचित नसते. मार्च १९३६ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर नाट्यगृहात जेम्स यांच्या 'तूसाँ लूव्हेर्त्यूर' या नाटकाचे दोन प्रयोग झाले आणि नायकाची भूमिका पॉल रोबसन यांनी केली. यूजीन ओनील यांच्या 'द एम्परर जोन्स' या नाटकातील व चित्रपटातील भयग्रस्त, अरण्यात वाट चुकलेला कृष्णवर्णीय सम्राट रंगविणारे नट हेच. त्यांना आता राज्यकर्त्याची भूमिका मिळाली होती. इटलीने ऑक्टोबर १९३५ मध्ये ॲबिसिनियावर आक्रमण केले होते व त्याविरुद्ध लंडनमध्ये चाललेल्या चळवळीत जेम्स अग्रभागी होते. नाटकाचा काळ १७९१ ते १८०४ असला, तरी प्रेक्षकांच्या मनात कोणते युद्ध होते हे सांगावयास नको.

येथपर्यंतच्या विवेचनावरून ललितकृती आपल्या काळाची साक्ष देते, हे विधान सिद्ध झाल्यासारखे वाटेल. पण आता एक अडचण उभी राहते. उठावाच्या आरंभी बवा काईमां येथील अरण्यात गुलामांनी एकत्र येऊन डुकराचा बळी दिला व शपथ घेतली, ही घटना आज हैतीच्या राष्ट्रीय स्मृतीचा गाभा आहे. चित्रकारांनी ती पुनःपुन्हा रंगविली आहे. तिचा सर्वांत जुना छापील वृत्तान्त आँत्वान दाल्मास या वसाहतीतील शल्यवैद्याचा आहे. तो १८१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचा सूर उघडउघड द्वेषाचा आहे. बुकमाँच्या तोंडी घातलेली प्रसिद्ध प्रार्थना त्यातही नाही. ती प्रथम येते १८२४ मध्ये, एरार द्युमेल या हैतीच्याच लेखकाच्या प्रवासग्रंथात, तीही पद्यात. तेथून ती पुढच्या ग्रंथकारांकडे गेली आणि जेम्स यांच्या ग्रंथातही आली. म्हणजे एका साहित्यिकाची रचना इतिहासाचे प्रमाण होऊन बसली! यावरून ती घटना घडलीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. ज्यांनी शपथ घेतली त्यांस लिहिता येत नव्हते, आणि ज्यांस लिहिता येत होते ते त्यांचे शत्रू होते. अशा ठिकाणी पद्यामागे मौखिक परंपरा उभी असू शकते, ही शक्यता अभ्यासकाने सोडून देता कामा नये.

आलेहो कार्पेंत्येर या क्युबाच्या कादंबरीकाराने ही अडचणच आपल्या कथेचा विषय केली. १९४३ मध्ये त्यांनी हैतीचा प्रवास केला व १९४९ मध्ये त्यांची 'या जगाचे राज्य' अशा अर्थाच्या नावाची स्पॅनिश कादंबरी आली. विषप्रयोगाच्या कटाबद्दल माकांदालला १७५८ मध्ये जाळण्यात आले, तो प्रसंग त्यांनी दोन दृष्टींनी लिहिला आहे. गुलामांनी त्याला बंधनातून सुटून हवेत उडून जाताना पाहिले. मालकांनी त्याला जळताना पाहिले. ही निव्वळ कविकल्पना नव्हे. मोरो द सां-मेरी या वसाहतीच्या वृत्तकारानेच नोंदले आहे की माकांदालने हिसडा देताच खांब उखडला, तो सुटला अशी जमावात आरोळी उठली, पुढे त्याला पुन्हा पकडून जाळले, तरी तो जिवंत आहे असे मानणारे अनेक राहिले. कार्पेंत्येर यांनी साधन तेच घेतले. फक्त जमावाच्या विश्वासास मालकाच्या साक्षीइतकेच वजन दिले. त्यांच्या कादंबरीत तूसाँ जवळजवळ नाहीच. कथा चालते ती ती नोएल या सामान्य गुलामाच्या डोळ्यांनी, आणि म्हातारपणी त्याला क्रिस्तोफच्या किल्ल्यासाठी डोंगरावर विटा वाहाव्या लागतात.

तूसाँकडून आन्री क्रिस्तोफकडे वळणारे लक्ष ही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या साहित्याची विशेष खूण आहे. उत्तरेत स्वतःस राजा म्हणवून घेणाऱ्या क्रिस्तोफने सां-सूसी हा राजवाडा व 'सितादेल' हा प्रचंड दुर्ग बांधविला. ८ ऑक्टोबर १८२० रोजी, बंड आपल्या दारापर्यंत आल्यावर, त्याने आत्महत्या केली. सेंट लुशियाच्या डेरेक वॉलकॉट यांचे त्याच्यावरील नाटक १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. मार्तिनीकचे कवी एमे सेझेर १९४४ मध्ये काही महिने हैतीत राहिले होते. त्यांची 'राजा क्रिस्तोफची शोकांतिका' १९६३ मध्ये आली. मधल्या काळात गिनी, काँगो व इतर अनेक आफ्रिकी देश स्वतंत्र झाले होते. कालच्या गुलामांस सक्तीने राबवून राष्ट्र उभारता येते काय, हा सेझेर यांचा प्रश्न त्या वेळी सैद्धान्तिक राहिला नव्हता. आमच्या मते क्रिस्तोफविषयी लिहिलेल्या साऱ्या कृतींत ही सर्वांत प्रामाणिक आहे. राजाची महत्त्वाकांक्षा व मजुरांचे हाल यांपैकी एकालाही ती नजरेआड करीत नाही. मात्र सक्तीच्या श्रमाचे पाप एकट्या क्रिस्तोफच्या माथी मारणे इतिहासास धरून होणार नाही. मजुरांस मळ्यांशी जखडणारा हुकूम तूसाँनेच ऑक्टोबर १८०० मध्ये काढला होता. त्याविरुद्ध उत्तरेतील मजूर उठले, तेव्हा त्याने स्वतःचा मानलेला पुतण्या, सेनापती मोईझ, यास १८०१ च्या अखेरीस गोळ्या घालविल्या. युरोपच्या कवींस हा तूसाँ ठाऊक नव्हता, किंवा नको होता.

जेम्स यांस तो ठाऊक होता. १९६३ मध्ये ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढताना त्यांनी शोकांतिकेच्या स्वरूपासंबंधीचे काही परिच्छेद नव्याने घातले व फिडेल कॅस्ट्रोपर्यंत येणारे परिशिष्ट जोडले. चार वर्षांनी नाटकही पुन्हा लिहिले गेले आणि डिसेंबर १९६७ मध्ये नायजेरियातील इबादान येथे, तो देश यादवीत होरपळत असताना, त्याचा प्रयोग झाला. या दुसऱ्या नाटकात मोईझला अधिक मोठे स्थान आहे. १९३६ ची संहिता दीर्घकाळ हरवल्यासारखीच होती, त्यामुळे १९६७ चे नाटकच पुष्कळदा पहिले म्हणून वाचले गेले. मूळ संहिता सापडून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. एकाच लेखकाने एकाच विषयावर तीस वर्षांच्या अंतराने लिहिलेली ही दोन नाटके, मधे ग्रंथाच्या दोन आवृत्त्या ठेवून, प्रवेशामागून प्रवेश ताडून पाहण्याचे काम मराठीत एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी हाती घ्यावे. मोईझच्या वधाच्या प्रसंगापासून आरंभ करणे सोयीचे होईल.