पूर्व मुक्त मार्ग, मुंबई

मुंबई बेटाच्या पूर्व अंगाने, बंदराच्या हद्दीतून जाणारा सिग्नलविरहित, पथकरमुक्त रस्ता. लांबी सु. 16.8 किमी. दक्षिणेस पी. डिमेलो मार्गावरील ऑरेंज गेटपासून निघून तो वडाळा, आणिक, पांजरापोळ या मार्गे घाटकोपर–मानखुर्द जोडरस्त्याला मिळतो. लोक त्याला ‘ईस्टर्न फ्रीवे’ म्हणतात. शीव ते ठाणे हा पूर्व द्रुतगती महामार्ग वेगळा. नावांच्या साम्यामुळे दोहोंची गल्लत नेहमीच होते.

विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने 1960च्या दशकाच्या आरंभी मुंबईसाठी वाहतूक आराखडा केला, त्यात अशा मुक्त मार्गांची कल्पना होती. पश्चिमेकडची कल्पना पुढे सागरी सेतू आणि सागरी किनारा मार्गाच्या रूपाने उतरली. पूर्वेकडे मात्र वाट काढणे कठीण होते. एकीकडे गोद्या, गोदामे आणि मालगाड्यांचे रूळ, पलीकडे मिठागरे, तेलशुद्धीकरण कारखाने आणि भाभा अणुसंशोधन केंद्राची टेकडी, शिवाय आणिक–पांजरापोळ पट्ट्यातील झोपड्यांचे पुनर्वसन. अखेर जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या अर्थसाहाय्याने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) हा रस्ता बांधला. ऑरेंज गेट ते आणिक हा सु. 9 किमीचा भाग उन्नत आहे. पुढे टेकडीच्या पोटातून सु. 500 मी. लांबीचे जुळे बोगदे जातात. पांजरापोळपर्यंतचा टप्पा जून 2013 मध्ये आणि उरलेला टप्पा पुढच्या वर्षी जूनमध्ये वाहतुकीस खुला झाला. दुचाकी व रिक्षांना येथे मज्जाव आहे.

दादर–शीवच्या कोंडीतून तासभर रखडत जाणारा चेंबूरकर आता रस्ता मोकळा असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत फोर्टजवळ पोहोचतो, हे खरे. पण कोंडी नाहीशी झाली नाही, ती दोन्ही टोकांना सरकली. सकाळी उन्नत रस्त्यावरून भरधाव आलेल्या गाड्या डिमेलो मार्गावर उतरून रांगेत उभ्या राहतात. जानेवारी 2024 मध्ये शिवडी–न्हावाशेवा अटल सेतू सुरू होऊन शिवडीला या मार्गाशी जोडला गेला आणि नवी मुंबईकडची वाहनेही त्यात आली.

त्यामुळे सध्याची सुधारणा मुख्यतः टोकांची आहे. उत्तरेकडे ऑगस्ट 2021 मध्ये घाटकोपर–मानखुर्द जोडरस्त्यावर उड्डाणपूल झाला. आता छेडानगर ते ठाण्याच्या आनंदनगरपर्यंत सु. 13 किमीचा उन्नत विस्तार हाती घेतला आहे. त्यासाठी द्रुतगती महामार्गाकडेची शेकडो झाडे तोडावी लागणार म्हणून विरोध झाला, तेव्हा विक्रोळी–घाटकोपर पट्ट्यातील गुलाबी फुलांची टॅबेबुयाची झाडे वाचवण्यासाठी आराखडा बदलण्यात आला. ही झाडे मूळची परदेशी. तरी वसंतात फुललेली ही रांग पाहायला लोक मुद्दाम थांबतात.

दक्षिणेकडील काम अधिक अवघड. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह हा सु. 9 किमीचा मार्ग बहुतांशी जुळ्या बोगद्यांतून जाईल आणि सागरी किनारा मार्गाला मिळेल. वर दाटीवाटीच्या जुन्या इमारती, मध्य व पश्चिम रेल्वेचे रूळ आणि भुयारी मेट्रोही असल्याने बोगदे त्या साऱ्यांच्या खालून न्यावे लागत आहेत. खोदाई यंत्र डिसेंबर 2025 मध्ये सुरू झाले. शिवडी–वरळी उन्नत जोडमार्गाचे कामही चालू आहे. तिन्ही कामे पूर्ण झाल्यावर ठाण्याहून निघालेली मोटार सिग्नलवर न थांबता मरीन ड्राइव्हला पोहोचावी, असा बेत आहे. बसने जाणाऱ्यांसाठी मात्र यांपैकी एकाही कामात स्वतंत्र मार्गिका नाही.