ब्रुनो शुल्झ : लेखणी आणि कुंचला

लेखणी आणि कुंचला ही दोन्ही साधने एकाच हाती सारख्याच सामर्थ्याने चालावीत, असा योग साहित्याच्या इतिहासात क्वचित येतो. पोलिश कथाकार व चित्रकार ब्रुनो शुल्झ यांच्या ठायी तो आला होता. दोन लहानसे कथासंग्रह, काहीशे रेखाटने आणि हरवलेली एक कादंबरी एवढीच त्यांची शिदोरी. तरीही विसाव्या शतकातील युरोपीय साहित्याचा विचार त्यांना वगळून करता येत नाही.

शुल्झ यांचा जन्म १२ जुलै १८९२ रोजी गॅलिशिया प्रांतातील द्रोहोबिच या गावी एका यहुदी कुटुंबात झाला. त्या वेळी हे गाव ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. पुढे ते पोलंडमध्ये आले, मग सोव्हिएत व जर्मन अमलाखाली गेले आणि आज ते युक्रेनमध्ये आहे. शुल्झ यांनी जवळजवळ सारे आयुष्य या एकाच गावी काढले. देश मात्र त्यांच्या पायाखालून बदलत गेले. वडील याकुब यांचे बाजारचौकात कापडाचे दुकान होते. आजारी वडील, कापडाचे तागे आणि चौकातले ऋतू हीच पुढे त्यांच्या कथांची सृष्टी झाली.

ल्वुव्ह येथे त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले, परंतु आजारपण व पहिले महायुद्ध यांमुळे ते अपुरेच राहिले. १९१५ साली वडील निवर्तले. चित्रकला ते स्वतःच शिकले. काळा लेप दिलेल्या काचेवर सुईने रेघा कोरून, त्या काचेतून प्रकाश पाडून छायाचित्राच्या कागदावर ठसे घ्यावयाचे, अशा कष्टाच्या पद्धतीने त्यांनी १९२० च्या सुमारास ‘मूर्तिपूजेचा ग्रंथ’ ही चित्रमाला सिद्ध केली. १९२४ पासून ते गावच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक झाले. नोकरीचा जाच त्यांना फार वाटे, पण घरच्या माणसांचा भार त्यांच्यावर होता.

कथालेखनाची सुरुवात पत्रांतून झाली. देबोरा फोगेल या कवयित्रीला लिहिलेल्या पत्रांच्या ताजा कलमांतून एकेक कथा आकार घेऊ लागली. १९३३ साली ज्येष्ठ लेखिका झोफिया नावकोव्स्का यांनी ते लेखन वाचले आणि त्यांच्या पुढाकाराने ‘दालचिनी दुकाने’ हा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला. १९३७ साली दुसरा संग्रह आला. त्यातील चित्रे शुल्झ यांनी स्वतःच काढली. १९३८ साली पोलिश साहित्य अकादमीने त्यांचा गौरव केला.

त्यांची वाग्दत्त वधू यूझेफिना शेलिन्स्का यहुदी वंशाची, पण तिच्या घराण्याने कॅथलिक धर्म स्वीकारला होता. विवाहासाठी शुल्झ १९३६ साली यहुदी समाजातून औपचारिकरीत्या बाहेर पडले. बाप्तिस्मा मात्र त्यांनी घेतला नाही. पुढे हा संबंध तुटला. काफ्का यांच्या ‘खटला’ या कादंबरीचा शुल्झ यांच्या नावे निघालेला पोलिश अनुवाद मुख्यत्वे या विदुषीच्या हातचा होता, हेही येथे नमूद करणे आम्हांस न्यायाचे वाटते.

१९४१ साली जर्मनांनी द्रोहोबिच घेतले. फेलिक्स लान्दाउ या गेस्टापो अधिकाऱ्याला शुल्झ यांच्या चित्रांची आवड होती. त्याने त्यांना अन्न व संरक्षण दिले आणि त्या बदल्यात आपल्या मुलाच्या खोलीच्या भिंतींवर परीकथांची चित्रे काढून घेतली. ज्या हाताने असंख्य निरपराध मारले, त्याच हाताच्या आश्रयाने कलावंताने बालकासाठी राजकन्या आणि बुटके रंगवावेत, ही विटंबना शब्दांत मांडणे कठीण आहे.

वॉर्सामधील मित्रांनी त्यांच्या सुटकेसाठी खोटी कागदपत्रे तयार केली होती. परंतु १९ नोव्हेंबर १९४२ रोजी कार्ल ग्युन्टर या दुसऱ्या गेस्टापो अधिकाऱ्याने त्यांना भर रस्त्यात गोळी घातली. लान्दाउने ग्युन्टरच्या आश्रयाखालील एका यहुद्याला मारले होते, त्याचा हा सूड होता, असे सांगितले जाते. शुल्झ यांची कबर आज सापडत नाही.

२००१ साली एका जर्मन चित्रपटकाराला ती भित्तिचित्रे रंगाच्या थराखाली आढळली. त्यातील काही भाग याद वाशेम या संस्थेने यरुशलेमला नेले, तेव्हा पोलंड व युक्रेनमध्ये क्षोभ उसळला. शुल्झ कोणाचे, हा तो वाद होता. २००८ साली तडजोड झाली : मालकी युक्रेनची, चित्रे वीस वर्षांसाठी यरुशलेमकडे. आमच्या मते हा प्रश्न मालकीच्या कागदाने सुटणारा नाही. शुल्झ यहुदी होते, पोलिश भाषेचे होते आणि द्रोहोबिचचेही होते. यांपैकी एक वजा केले तर उरलेले शुल्झ अपुरे राहतात.

एक गोष्ट मात्र आपणा सर्वांना विचारात पाडणारी आहे. आपले कागद आपण वस्तीबाहेरील एका कॅथलिक व्यक्तीकडे ठेवले आहेत, असे शुल्झ यांनी एका मित्राला सांगितले होते. चरित्रकार येझी फित्सोव्स्की यांनी आयुष्यभर शोध घेतला. पुष्कळ पत्रे व चित्रे त्यांनी जमवली, पण ‘मसीहा’ या कादंबरीचे हस्तलिखित काही मिळाले नाही. त्या अंधाऱ्या दिवसांत यहुद्याचे कागद जवळ बाळगणे म्हणजे जिवाशी खेळ होता. ज्या कोणी तो भार स्वीकारला, त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. कागद गेले; पण मृत्यूच्या छायेत असलेल्या कलावंताला आपले सर्वस्व सोपवावे असे एक शेजारघर दिसले, एवढे मात्र उरले आहे.