अनुदान हवंय? मग फिल्टर लावा!

अमेरिकेच्या केंद्र सरकारने ग्रंथालयांना 'कॉम्प्युटरवर फिल्टर लावा' असा थेट हुकूम कधीच काढला नाही. तरी तिथल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत फिल्टर आले. कसे आले, ते समजून घेण्यासारखं आहे.

१९९७ मध्ये व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीच्या ग्रंथालय मंडळाने सगळ्या कॉम्प्युटरवर फिल्टर बसवला. हेतू अश्लील चित्रं रोखण्याचा. पण सुरक्षित लैंगिक संबंधांची माहिती देणारं संकेतस्थळसुद्धा त्यात अडकलं. वाचक कोर्टात गेले आणि १९९८ मध्ये जिंकले. न्यायाधीश होत्या लिओनी ब्रिंकेमा. विशेष म्हणजे, त्या स्वतः ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या!

मग वॉशिंग्टनने दुसरी वाट धरली. डिसेंबर २००० मध्ये क्लिंटन यांनी 'चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट'वर सही केली. इंटरनेटच्या बिलात केंद्राची सवलत किंवा त्यासाठीचं अनुदान हवं असेल तर फिल्टर लावा, असा तो कायदा. नको असेल तर तुमची मर्जी.

पण ही मर्जी कुणाला परवडते? ज्या गावाची तिजोरी भरलेली, ते सवलत नाकारू शकतं. गरीब वस्तीतली सवलत जास्त, म्हणजे तिथल्या ग्रंथालयाला ती सोडणंही जास्त अवघड. आणि घरी कॉम्प्युटर नाही म्हणून ग्रंथालयात येणारा माणूसही तिथलाच.

ग्रंथपालांची संघटना कोर्टात गेली. फिलाडेल्फियाच्या कोर्टाने २००२ मध्ये कायदा रद्द केला, पण जून २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो वैध ठरवला. सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांचा मुद्दा असा, की ग्रंथालय अश्लील पुस्तकं विकत घेत नाही, तसंच हे. शिवाय प्रौढ वाचकाने सांगितलं तर फिल्टर काढता येतो. विरोधात गेलेले न्यायमूर्ती सूटर म्हणाले, हे म्हणजे विश्वकोश विकत घेऊन त्यातली पानं कापण्यासारखं आहे.

'सांगितलं तर काढतो' हे कागदावर सोपं वाटतं. पण गुप्तरोगाची माहिती शोधणाऱ्या बाईने किंवा पोराने काउंटरवर जाऊन, चार लोकांसमोर काय सांगायचं? संकोच होईल, हा मुद्दा कोर्टापुढे आला होता. रेन्क्विस्ट यांचं उत्तर होतं, की संकोच न होता माहिती मिळेल अशी हमी राज्यघटना देत नाही. पुढे २०१० मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तर प्रौढांसाठीही फिल्टर पूर्ण न काढण्याचं एका ग्रंथालयाचं धोरण मान्य केलं.

लहान मुलांना जपायलाच हवं, यात वाद नाही. पण त्याची किंमत इथे गरीब प्रौढ वाचकाने मोजली.

आपल्याकडची गावोगावची ग्रंथालयंही १९६७ च्या कायद्यानुसार सरकारी अनुदान घेतात. उद्या त्या अनुदानाला अशी अट जोडली गेली, तर पहिला प्रश्न हाच विचारू या: बंद झालेलं पान उघडून कोण देणार, आणि ते मागताना वाचकाला कारण सांगावं लागणार का?