कर्णबधिर स्वार आणि शो जंपिंगचे रिंगण

शो जंपिंगच्या रिंगणात पंच स्वाराशी शब्दांनी बोलत नाहीत, ते घंटेने बोलतात. सुरुवात, थांबणे, पुन्हा निघणे आणि बाद होणे या चारही गोष्टी घंटाच सांगते. हा खेळ गंभीरपणे खेळू इच्छिणाऱ्या कर्णबधिर मुलामुलींची पहिली अडचण येथेच सुरू होते. घोड्यावरची मांड पक्की आहे, उडीचा अंदाज अचूक आहे, तरीही एक घंटा निसटली तर महिन्यांची मेहनत क्षणात वाया जाऊ शकते. या स्वारांसाठी वेगळा गटही नाही. त्यांना ऐकू येणाऱ्या स्वारांच्या बरोबरीनेच उतरावे लागते.

घंटेचे नियम

शो जंपिंगमध्ये आखून दिलेल्या क्रमाने अडथळे पार करायचे असतात. प्रत्येक अडथळ्याच्या उजवीकडे लाल व डावीकडे पांढरे निशाण असते. दांडी पडल्यास ४ दंडगुण, घोड्याने उडी नाकारल्यास ४ दंडगुण, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दुसऱ्यांदा नकार दिल्यास स्वार बाद, अशी ढोबळ पद्धत आहे. निर्धारित वेळेपेक्षा उशीर झाला तर त्याचेही दंडगुण जमा होतात.

आरंभाची घंटा वाजली की ४५ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. तेवढ्या वेळात प्रारंभरेषा ओलांडली नाही तर स्वाराचे घड्याळ आपोआप धावू लागते. घंटेपूर्वीच पहिली उडी घेतली तर स्वार बाद ठरतो. घोड्याने नकार देताना अडथळा पाडला तर पुन्हा घंटा होते, घड्याळ थांबते, अडथळा उभारला जातो आणि पुढची घंटा होईपर्यंत स्वाराला थांबावे लागते. ती न ऐकता उडी मारणारा बाद होतो. थांबण्याचा इशारा न पाळणाऱ्याला बाद करण्याचा अधिकारही पंचमंडळाला असतो. दीर्घ आणि वारंवार वाजणारी घंटा म्हणजे स्वार बाद झाल्याची सूचना होय.

म्हणजेच कर्णबधिर स्वाराची खरी परीक्षा अडथळ्यांइतकीच दोन अडथळ्यांमधल्या इशाऱ्यांत असते. त्यावरचा उपाय मात्र अवघड नाही. स्पर्धेपूर्वीच पंचमंडळाला लेखी कळवून डोळ्यांना दिसेल अशी खूण ठरवून घ्यावी लागते. ठरलेल्या जागी उभ्या असलेल्या व्यक्तीने निशाण हलवणे, ही त्यांपैकी सर्वांत सोपी खूण. मोठ्या स्पर्धांत उलटी मोजणी फलकावर दिसते, त्याचाही आधार मिळतो. ही व्यवस्था आयत्या वेळी मागून चालत नाही. ती प्रवेशिकेबरोबरच ठरवलेली असावी लागते.

कानाऐवजी मांड

उडीची लय ऐकू येणारे स्वार टापांच्या आवाजावरूनही ओळखतात. पण लयीचा मूळ स्रोत कान नव्हे. कँटर ही तीन ठोक्यांची चाल असून तिचा प्रत्येक ठोका खोगिरातून स्वाराच्या कंबरेत उतरतो. घोड्याची कँटरमधील ढांग साधारण ३.६ मीटरची धरली जाते. स्पर्धेपूर्वी स्वार पायी फिरून दोन अडथळ्यांमधले अंतर पावलांनी मोजतात, चार पावलांची एक ढांग या हिशेबाने. हे सारे काम डोळ्यांचे आणि पायांचे आहे. येथे कर्णबधिर स्वार कोणाच्याही मागे नसतो.

घोडा स्वतःही मदतीला असतो. त्याचे कान जवळजवळ अर्धवर्तुळात फिरतात आणि माणसाला ऐकू न येणारे उच्च स्वरही तो टिपतो. मागून दुसरा घोडा येत असेल, प्रेक्षकांत गडबड झाली असेल, तर घोड्याचे कान आधी वळतात. अनुभवी कर्णबधिर स्वाराला त्या कानांवरून भोवतालच्या हालचालींचा अंदाज घेता येतो.

धोका अधिक असतो तो सरावाच्या मैदानात. तेथे अनेक घोडे एकाच वेळी फिरत असतात आणि कोणता अडथळा घेणार हे स्वार ओरडून सांगतात. कर्णबधिर स्वाराला ती सूचना पोहोचत नाही. त्यामुळे बाकीच्या स्वारांना आधीच कल्पना देणे आणि मैदानाच्या कडेला इशारा करणारा साथीदार उभा करणे आवश्यक ठरते.

तोल आणि श्रवणयंत्र

ऐकण्याचे आणि शरीराचा तोल सांभाळण्याचे अवयव आंतरकर्णात शेजारी शेजारी असतात. त्यामुळे तीव्र बहिरेपण असलेल्या काही मुलांमध्ये तोलाची जाणीवही कमी असते. अशा मुलांना डोळे आणि स्नायू यांच्या आधारे तोल साधावा लागतो. अंधुक प्रकाशात त्यांना अधिक त्रास होतो. ज्यांना हा दोष नाही, त्यांचा तोल इतरांसारखाच असतो. म्हणून घोडेस्वारीला सुरुवात करण्यापूर्वी कानाच्या तज्ज्ञाकडून ही तपासणी करून घेणे हिताचे.

हेल्मेट अनिवार्य असल्याने श्रवणयंत्राचीही अडचण होते. यंत्र झाकले गेले की शीळ घातल्यासारखा आवाज येतो आणि वेगात वाऱ्याचा गोंगाट त्यात भर घालतो. कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरचा भाग चुंबकाने डोक्याला चिकटलेला असतो, तो हेल्मेटच्या दाबाने सरकू शकतो. पडल्यास डोक्याला मार बसण्याची शक्यता असल्याने शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय उडीचा सराव सुरू करू नये. रिंगणात प्रशिक्षकाशी बोलण्याच्या इयरफोनला परवानगी नसते. त्यामुळे कानातील उपकरण हे श्रवणयंत्र आहे, हे पंचांना आधीच स्पष्ट करावे.

गट कोणता?

पॅरालिम्पिकमध्ये अश्वारोहणाचा समावेश १९९६ च्या अटलांटा स्पर्धेपासून झाला. तेथे फक्त ड्रेसाज हा प्रकार आहे, शो जंपिंग नाही. शिवाय केवळ बहिरेपण हा पॅरालिम्पिकचा पात्रता-निकष नाही. कर्णबधिरांसाठी १९२४ मध्ये पॅरिस येथे सुरू झालेली स्वतंत्र स्पर्धा आज डेफलिम्पिक्स या नावाने ओळखली जाते. टोकियो येथे नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या डेफलिम्पिक्समध्ये २१ खेळ होते, पण अश्वारोहण नव्हते. भारताचे कर्णबधिर मल्ल वीरेंद्र सिंह यांना पद्मश्रीपर्यंत नेणारे डेफलिम्पिक्सचे व्यासपीठ घोडेस्वाराला मात्र उपलब्ध नाही.

सिंगापूरच्या लॉरेन्शिया टॅन यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९७९ मध्ये जन्मलेल्या टॅन यांना सेरेब्रल पाल्सी आहे आणि त्या पूर्णपणे कर्णबधिर आहेत. त्या तीन वर्षांच्या असताना कुटुंब ब्रिटनमध्ये स्थायिक झाले आणि पाचव्या वर्षी व्यायामोपचार म्हणून त्या घोड्यावर बसल्या. बीजिंग पॅरालिम्पिकच्या हाँगकाँगमध्ये झालेल्या ड्रेसाज स्पर्धांत त्यांनी २००८ मध्ये दोन कांस्यपदके मिळवली. त्यांतील पहिले हे सिंगापूरचे पहिलेच पॅरालिम्पिक पदक होते. लंडनमध्ये २०१२ साली त्यांनी एक रौप्य व एक कांस्य जिंकले. यांपैकी एकेक पदक संगीताच्या साथीने सादर करायच्या प्रकारातील आहे. मात्र पॅरालिम्पिकची पात्रता त्यांना सेरेब्रल पाल्सीमुळे मिळाली, बहिरेपणामुळे नव्हे.

खुल्या रिंगणाची वाट

यामुळे कर्णबधिर जंपरपुढे एकच वाट उरते, ती खुल्या स्पर्धांची. आंतरराष्ट्रीय स्तरावर १२ ते १४ वर्षांचा बालगट, १४ ते १८ वर्षांचा ज्युनिअर आणि १६ ते २१ वर्षांचा यंग रायडर असे टप्पे आहेत. भारतात इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियातर्फे ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धा होतात. महाराष्ट्रात मुंबईच्या महालक्ष्मी येथील अमॅच्युअर रायडर्स क्लबसारख्या संस्थांत उडीचे प्रशिक्षण मिळते.

प्रशिक्षकाची भूमिका येथे निर्णायक ठरते. पाठमोऱ्या स्वाराला ओठ वाचता येत नाहीत. म्हणून प्रशिक्षकाने वळणावर, स्वाराच्या समोर उभे राहावे, हाताच्या मोजक्या खुणा ठरवाव्यात आणि बाकीचे बोलणे घोडा थांबल्यावर करावे. जोखमीचे कारण देऊन मुलाला परत पाठवणे सोपे असते. पण लय मांडीत, अंतर डोळ्यांत आणि इशारा निशाणात मिळत असेल, तर या खेळात कानावर सोपवलेले काम फार थोडे उरते. ते काम दुसऱ्या मार्गाने करून देण्याची तयारी क्लब, पंच आणि पालक यांनी दाखवली, तर अशा स्वाराचा निकाल इतरांप्रमाणेच पडलेल्या दांड्यांवरून आणि घड्याळावरून लागेल.