नांगराचें मासिक

लोखंडी नांगरानें जमिनीला विष चढतें, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगर घडविण्याहून ती समजूत मोडणेंच कठीण गेलें. १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडलच्या माळावर त्यांचा कारखाना आला. १९२० सालीं तेथूनच पुतणे शंकररावांच्या संपादकत्वाखालीं ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली. हेतु उघड होता : कारखान्याची माहिती देऊन मालाला गिऱ्हाईक मिळविणें. पण नुसती जाहिरात कोण वाचणार? मग गोष्टी आल्या, व्यंगचित्रें आलीं (शंकरराव स्वतः चित्रकार होते), रूढींवर सडेतोड लेख आले. १९२९ सालीं ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ एवढेंच नांव उरलें. १९३० सालीं ‘स्त्री’ निघालें. मासिकांतून नांगर मात्र मागें पडला. ज्या शेतकऱ्याची समजूत घालावयाची, त्याच्या घरीं अक्षरओळखच क्वचित्. मासिक पोंचलें तें शहरांतल्या दिवाणखान्यांत.