काम कागदावर उतरवण्याची विद्या

१८८५ साली बोस्टनमध्ये सतरा वर्षांचा फ्रँक गिलब्रेथ गवंडीकाम शिकू लागला. शिकवणारे गवंडी बरेच होते आणि प्रत्येकाची वीट लावण्याची तऱ्हा वेगळी होती. त्यातही एकच माणूस नवख्याला दाखवताना एका रीतीने वीट लावी, घाईत दुसऱ्या आणि निवांतपणे काम करताना तिसऱ्याच रीतीने. यातली खरी रीत कोणती, हा प्रश्न फ्रँकने पुढे सोडला नाही. त्याने हालचाली मोजल्या. एका विटेमागे १८ हालचाली होत होत्या. वाकून वीट उचलण्यात गवंडी थकतो हे पाहून त्याने भिंतीबरोबर वर सरकणारी परांची तयार केली, म्हणजे विटा आणि चुन्याचा माल कायम हाताच्या उंचीवर राहावा. १८ हालचाली पाचांवर आल्या आणि तासाला १२० विटा लावणारा गवंडी ३५० विटा लावू लागला.

आज कंपन्यांमध्ये आणि सरकारी संगणकीकरणाच्या प्रकल्पांत कामाच्या प्रवाहाचे जे आराखडे काढले जातात, त्यांची एक मुख्य मुळी या भिंतीपाशी आहे. डिसेंबर १९२१ मध्ये फ्रँक आणि त्याची पत्नी लिलियन यांनी अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे ‘प्रोसेस चार्ट’ या विषयावर निबंध मांडला. त्यांचे म्हणणे सरळ होते. कामाचा एखादा भाग सुधारण्याआधी ते सगळे काम एका कागदावर, डोळ्यांसमोर आले पाहिजे. प्रत्येक टप्प्याला एक चिन्ह असावे आणि चिन्हे घडतील त्या क्रमाने एकाखाली एक मांडावीत. इतक्याने वस्तू कुठे पडून राहते, कुठे उगाच हिंडते, कुठे दोनदा तपासली जाते, हे वाचता येते.

जून १९२४ मध्ये फ्रँक वारला. लिलियनच्या पदरी अकरा मुले होती. मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या या बाईला कारखान्यांकडून पूर्वीसारखी कामे मिळेनात, तेव्हा तिने आपली विद्या स्वयंपाकघराकडे वळवली. ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी तिने ओटा, शेगडी आणि कपाटे यांची नवी मांडणी सुचवली. एक केक करायला बाईला पूर्वी २८१ पावले चालावी लागत, ती ४५ वर आली. १९३५ मध्ये ती पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाली. या विषयाच्या इतिहासात लिलियनचे नाव पतीच्या मागे घेण्याची सवय आहे, ती मोडायला हवी. काम करणाऱ्याचा थकवा, त्याचे मन आणि त्याची संमती या गोष्टी अभ्यासात आणण्याचे मोठे श्रेय तिचे आहे.

संमतीचा प्रश्न लहान नव्हता. कामाच्या वेळमोजणीचा पुरस्कर्ता फ्रेडरिक टेलर याच्या पद्धतीत घड्याळ घेतलेला साहेब कामगाराच्या मागे उभा राही. ऑगस्ट १९११ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतारी कामगारांनी याच घड्याळावरून संप केला. प्रकरण अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेले आणि पुढे सरकारी शस्त्रागारांत अशा वेळमोजणीवर बंदी आली. संमतीच्या या प्रश्नावर सर्वांत चांगले उत्तर ॲलन मोगेन्सन या अभियंत्याने दिले. काम रोज करणाऱ्याला ते सर्वांत जास्त कळते, मग तक्ता त्यालाच काढायला का शिकवू नये? १९३७ पासून न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड येथे त्याने उन्हाळी वर्ग सुरू केले. तिथे शिकलेली माणसे आपापल्या कारखान्यात परत जाऊन सहकाऱ्यांना शिकवत. लिलियनही या वर्गांत शिकवायला येत असे.

या वर्गात शिकलेल्यांपैकी बेन ग्रॅहॅम ओहायोतील डेटन येथे छापील फॉर्म बनवणाऱ्या कंपनीत होता. वस्तूऐवजी कागदाचा प्रवास काढता येईल, हे त्याने ओळखले. एका फॉर्मच्या चार प्रती निघतात, चार टेबलांवर जातात, कुठे सही, कुठे शिक्का, कुठे नुसतीच फाईल. त्याने प्रत्येक प्रतीची रेघ वेगळी काढली आणि त्या रेघा कुठे भेटतात ते दाखवले. कारखान्याबाहेरच्या, कचेरीतल्या कामाचे चित्रण तिथे आकाराला आले.

मग १९४७ हे वर्ष आले. त्या वर्षी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने पाच चिन्हे प्रमाण म्हणून ठरवली: क्रियेला वर्तुळ, वाहतुकीला बाण, तपासणीला चौकोन, खोळंब्याला इंग्रजी डी आणि साठवणीला त्रिकोण. त्याच वर्षी गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन या गणितज्ञांनी संगणकाला द्यायच्या आज्ञा आखण्यासाठी प्रवाहाची चित्रे वापरली. या चित्रांतून पुढचा ‘फ्लोचार्ट’ घडला. कारखान्याच्या तक्त्यात माणूस होता, त्याची चाल होती, त्याचे थांबणे होते. संगणकाच्या तक्त्यात उरली ती फक्त आज्ञा. यंत्रासाठी ते बरोबरच होते. पण पुढे हीच नजर माणसांच्या कामाकडे वळली आणि तिथे नुकसान झाले.

भारतात ही विद्या संगणकाच्या आधी पोचली. १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे उत्पादकता पथक आले आणि इथल्या गिरण्या-कारखान्यांत ‘वर्क स्टडी’चे, म्हणजे कामाच्या पद्धतशीर अभ्यासाचे, प्रयोग सुरू झाले. १९५७ मध्ये संघटनेने याच विषयाचे पाठ्यपुस्तक काढले. १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने मुंबईत विहार तलावाजवळ ‘नीटी’ ही संस्था उभी राहिली; २०२३ पासून तिचे नाव आयआयएम मुंबई आहे. त्या पाठ्यपुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे चिन्हांनंतर येणारी प्रश्नांची पद्धत. आधी हेतू विचारायचा: हे करतात ते का? मग जागा, क्रम, व्यक्ती आणि शेवटी साधन. साधनाचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आजच्या बहुतेक संगणकीकरणाची सुरुवात मात्र साधनापासूनच होते.

हेतू विचारल्याने काय घडते, याचे गाजलेले उदाहरण फोर्ड मोटार कंपनीचे आहे. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमरने ते १९९० मध्ये लिहिले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत पुरवठादारांची बिले चुकती करण्याच्या खात्यात फोर्डकडे ५०० हून अधिक माणसे होती. संगणक आणून ती ४०० पर्यंत कमी करण्याचा बेत होता आणि त्याचे समाधानही होते. मग कळले की माझदा ही मोटार कंपनी हेच काम पाच माणसांत करते. कंपनीचा आकार लक्षात घेतला तरी फरक प्रचंड होता. फोर्डमध्ये खरेदीचा आदेश, माल आल्याची पावती आणि पुरवठादाराचे बिल हे तीन कागद जुळवले जात. १४ बाबी जुळल्या तरच पैसे निघत. बहुतेक वेळ न जुळणाऱ्या कागदांचा शोध घेण्यात जाई. मग प्रश्न विचारला गेला की बिल हवेच कशाला? नव्या व्यवस्थेत गोदामात माल येताच कारकून संगणकावर आदेश पाहतो. माल आदेशाप्रमाणे असेल तर घेतो, नसेल तर परत पाठवतो, आणि माल घेतला की धनादेश निघतो. जुळवायच्या बाबी तीनच राहिल्या. खात्यातली माणसे तीन चतुर्थांशाने घटली. हॅमरच्या विचाराने पुढे अनेक ठिकाणी निर्दय नोकरकपातीला निमित्त दिले, हेही याच इतिहासात नोंदवले पाहिजे.

दरम्यान चित्रांना गणिताचा पाया मिळत होता. जर्मनीत कार्ल ॲडम पेट्रीने १९६२ च्या प्रबंधात एकाच वेळी चालणाऱ्या घटनांचे गणित मांडले. त्याची जाळी आज ‘पेट्री नेट’ म्हणून ओळखली जातात. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी माहितीच्या मांडणीसाठी ‘एंटिटी-रिलेशनशिप’ आकृती दिली: वस्तूला चौकोन, दोन वस्तूंमधल्या नात्याला समभुज चौकोन. महाराष्ट्रातल्या संगणक पदविकेच्या विद्यार्थ्यांच्या वहीतही ती असते. १९९० च्या दशकात जर्मनीतील सारब्रुकेन येथे ऑगस्ट-विल्हेल्म शेअर यांच्या गटाने घटना आणि क्रिया यांची साखळी दाखवणारी पद्धत घडवली. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या प्रणालीतील कामे तिच्यात मांडून आकृत्यांचा संग्रह केला.

त्या संग्रहातल्या ६०४ आकृत्या पुढे संशोधकांनी यंत्राने तपासल्या, तेव्हा किमान ३४ आकृत्यांत तर्काच्या चुका निघाल्या. चूक कशी असते? समजा, अर्ज मंजूर होतो किंवा नामंजूर होतो, पण पुढची चौकट दोन्ही शेरे आल्याशिवाय उघडत नाही. मग अर्ज तिथे कायमचा अडकतो. डोळ्याला चित्र नीटनेटके दिसते; पेट्रीच्या गणिताने पाहिले की खोट कळते. जाणकारांनी काढलेल्या चित्रांची ही गत असेल, तर शिकाऊ मुलांचे काय?

हा प्रश्न घेऊन गेल्या वीस वर्षांत अध्यापनावर गंभीर संशोधन झाले. निमित्त झाले कामाचा प्रवाह मांडणाऱ्या ‘बीपीएमएन’ या चित्रलिपीचे. तिची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली, दुसरी २०११ मध्ये, आणि २०१३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. प्रत्येक आवृत्तीबरोबर चिन्हे वाढत गेली. पण २००८ मध्ये मायकेल त्सूर म्यूलेन आणि यान रेकर यांनी प्रत्यक्ष वापरातल्या १२० आकृत्या तपासल्या, तेव्हा लिपीचा जेमतेम पाचवा हिस्सा नियमित वापरात दिसला. २०१० मध्ये यान मेंडलिंग आणि सहकाऱ्यांनी सात नियम सुचवले. त्यातला एक असा, की ५० हून अधिक घटक झाले तर आकृतीचे तुकडे करा. हे नियम वाचकाचा विचार करून केलेले आहेत आणि म्हणून ते टिकतील.

पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्राने, टीआरडीडीसीने, याच्याही पुढचे पाऊल टाकले. तिथे आकृतीतूनच संगणकाचा प्रोग्राम तयार करण्याच्या पद्धतींवर दीर्घकाळ काम झाले. अशा वाटेत आकृती ही नुसती नोंद राहत नाही; तिच्यातली चूक थेट प्रोग्रामात उतरते.

म्हणूनच आपल्या महाविद्यालयांतली एक रीत बदलायला हवी. ‘ग्रंथालय व्यवस्थापन’ किंवा ‘रुग्णालय व्यवस्थापन’ असा विषय देऊन मुलांकडून वर्गात बसून आकृत्या काढून घेतल्या जातात. ग्रंथपालाशी कोणी बोलत नाही. चिन्हे बरोबर येतात, गुण मिळतात आणि काम मात्र कोणी पाहिलेले नसते. मोगेन्सनने जे कारखान्यात केले ते इथे सहज जमण्यासारखे आहे. शिक्षकांनी मुलांना दोन दिवस जवळच्या बाजार समितीत पाठवावे. फाटकावर आवकेची नोंद, लिलाव, तोलाई आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशेबपट्टी, हा सगळा प्रवास त्यांनी डोळ्यांनी पाहावा. अडत्याला, हमालाला आणि तोलणाऱ्याला विचारावे. ज्या शेतकऱ्याचा माल आहे त्यालाही विचारावे. मग साध्या कागदावर पाच चिन्हांत तो प्रवास काढून त्याच माणसांना दाखवावा आणि त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या कराव्यात. सॉफ्टवेअर त्यानंतर उघडावे.