अबोलाचे ऐकणे

१९५७ साली कार्ल रॉजर्स शिकागोहून विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले. रुग्णाच्या जागी जाऊन त्याला समजून घ्यावे, ही त्यांची रीत बोलक्या माणसांत रुजली होती. मेंडोटा इस्पितळातले स्किझोफ्रेनियाचे रुग्ण मात्र पुष्कळदा गप्पच बसत. १९६७ साली निष्कर्ष ग्रंथरूपाने आले: उपचार झालेल्या व न झालेल्या रुग्णांत एकूण फारसा फरक नव्हता, पण जिथे नाते जुळले, तिथे सुधारणा अधिक दिसली.

पुढे गॅरी प्राउटी यांनी वाट काढली. अर्थ लावायचा नाही; जे दिसते तेवढेच म्हणायचे, ‘तुम्ही खिडकीकडे पाहताय.’

मला हे मोलाचे वाटते. आपल्याही घरांत असा एखादा अबोल जीव असतो. पाहुणे आले की आपण त्याला आत बसवतो. आधी त्याच्याजवळ नुसते बसू या.